ग्रेस्टोनची चावी आणि ठाण्याची भिंत

मी ठाण्याचा. कॉलेजसाठी पुण्यात गेलो तेव्हा हे सांगितलं की समोरचा हमखास विचारायचा, "ठाण्याचा? भिंतीच्या आतला की बाहेरचा?" आमच्या पिढीतल्या प्रत्येक ठाणेकराने हे ऐकलेलं आहे. घरात पोराने हट्ट केला किंवा कचेरीत कुणी विक्षिप्तपणा केला की "ह्याला ठाण्याला पाठवा" म्हणायची पद्धत होती. तलावांचं, गडकरी रंगायतनचं हे गाव बाहेरच्यांच्या लेखी एका मनोरुग्णालयापुरतं उरलं होतं, आणि त्या रुग्णालयाबद्दलही कुणाला भिंतीपलीकडचं काही ठाऊक नव्हतं.

न्यू जर्सीत आलो त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातला एकजण वैतागून म्हणाला, "हे प्रोजेक्ट असंच चाललं तर मला ग्रेस्टोनमध्ये भरती व्हावं लागेल." सगळे हसले. मी घरी येऊन नकाशात शोधलं. ते इथलं सरकारी मनोरुग्णालय निघालं. आमच्या पार्सिपनीच्या घरापासून गाडीने दहा मिनिटं. इतक्या लांब येऊन मी पुन्हा तशाच एका जागेच्या शेजारी बिऱ्हाड केलं होतं.

त्या रविवारी मुद्दाम गेलो. रस्ता हळूहळू चढत जातो आणि मग ती इमारत समोर येते. खरं तर समोर येते म्हणणंही अपुरं आहे, कारण ती एका नजरेत मावतच नव्हती. मधोमध घुमटाचा उंच भाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकामागे एक थोडे मागे सरकत गेलेले मजबूत दगडी भाग. आपल्याकडे पंगतीत बसताना मागच्याला जागा व्हावी म्हणून माणूस जरा सरकून बसतो ना, तसे. दगड त्याच जमिनीतून काढलेला, राखाडी. १८७६ मध्ये हे रुग्णालय उघडलं. एका सलग पायावर उभी असलेली अमेरिकेतली सर्वांत मोठी इमारत अशी तिची ख्याती होती, आणि १९४३ मध्ये पेंटॅगॉन पूर्ण झालं तेव्हा तो मान तिच्याकडून गेला.

मी गाडीतून उतरलो नाही. रुग्णालय तेव्हा चालू होतं आणि आतल्या माणसांकडे बघायला आल्यासारखं उभं राहणं मला बरं वाटेना. पण मनात एक प्रश्न घेऊन परतलो, तो अजून सुटलेला नाही. वेड्यांसाठी, त्यातही गरीब वेड्यांसाठी, सरकारने राजवाड्यासारखं काहीतरी बांधायचं कारण काय?

ह्याचं उत्तर फिलाडेल्फियाच्या एका डॉक्टरकडे जातं. थॉमस स्टोरी कर्कब्राइड हे क्वेकर ह्या ख्रिस्ती पंथाचे. मनोरुग्णालय कसं बांधावं ह्यावर १८५४ मध्ये त्यांनी आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या मते इमारत हेच औषध होतं. ते मागे सरकत गेलेले भाग शोभेसाठी नव्हते. प्रत्येक वॉर्डाला दोन्ही बाजूंनी ऊन आणि वारा मिळावा, खिडकीतून समोरची भिंत न दिसता झाडं दिसावीत, म्हणून ती रचना होती. भोवती किमान शंभर एकर जमीन हवी आणि एका इमारतीत अडीचशेच्या वर रुग्ण नकोत, असा त्यांचा आग्रह. ग्रेस्टोनच्या वॉर्डांत सुरुवातीला लोकरीचे गालिचे होते, पियानो होते, ताजी फुलं ठेवली जात. मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीच्या रुग्णालयाचे पहिले प्रमुख डॉ. मन्सन तर सौंदर्य हाच उपचार आहे असं मानत आणि तसंच चालवत.

आणि ह्याच्या आधी काय होतं? १८४३ मध्ये डोरोथिया डिक्स नावाच्या शिक्षिकेने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळासमोर निवेदन ठेवलं. तळघरांत, पिंजऱ्यांत, गोठ्यांत साखळीने बांधलेली माणसं तिने गावोगाव फिरून स्वतः पाहिली होती, आणि जे पाहिलं ते तिने लिहून दिलं. तिच्या खटपटीमुळे राज्याराज्यांतून रुग्णालयं उभी राहिली. कर्कब्राइडच्या पद्धतीचं पहिलं रुग्णालय इथल्याच ट्रेंटनला १८४८ मध्ये झालं. डिक्सबाई म्हातारपणी त्याच रुग्णालयात राहायला आल्या आणि १८८७ मध्ये तिथेच वारल्या. मला हे वाचलं तेव्हा गलबलून आलं होतं. स्वतः मागून घेतलेल्या घरात शेवटचे दिवस काढायला मिळणं.

पण ह्याच ट्रेंटनला पुढे डॉ. हेन्री कॉटन आले. वेड हे शरीरात लपलेल्या जंतुसंसर्गातून येतं असं त्यांनी ठरवलं आणि रुग्णांचे दात उपटले. तेवढ्याने भागलं नाही तर टॉन्सिल काढले, मोठं आतडंसुद्धा कापलं. कित्येक माणसं दगावली. ग्रेस्टोन काय, ट्रेंटन काय, सगळीकडे गर्दी वाढत गेली. विसाव्या शतकाच्या मध्याला ग्रेस्टोनमध्ये सात हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती. वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टनचं रुग्णालय अडीचशेंसाठी बांधलेलं, तिथे १९५० च्या दशकात सुमारे चोवीसशे. लोकगीतकार वुडी गथ्री १९५६ पासून पाच वर्षं ग्रेस्टोनमध्ये होता. तो त्या जागेला ग्रेव्हस्टोन म्हणायचा, म्हणजे थडग्याचा दगड. सौंदर्याबद्दल बोलताना हे बाजूला ठेवून बोलता येणार नाही, आणि मला ठेवायचंही नाही.

मग इमारती रिकाम्या झाल्या. १९५० च्या दशकात क्लोरप्रोमाझिनसारखी औषधं आली, १९६३ मध्ये केनेडींनी कायद्यावर सही केली, आणि रुग्णांना मोठ्या रुग्णालयांतून काढून त्यांच्या गावात, समाजात उपचार द्यायचे ठरलं. १९५५ मध्ये इथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून जास्त माणसं होती. ती बाहेर आली. त्यांच्यासाठी गावोगाव जी केंद्रं व्हायची होती त्यांतली पुष्कळ झालीच नाहीत. आज लॉस एंजेलिस, शिकागो आणि न्यूयॉर्क इथले तुरुंग हीच देशातली मोठी मनोरुग्णालयं आहेत, असं इथले डॉक्टर आणि खुद्द तुरुंगाचे अधिकारीही बोलून दाखवतात. मॅनहॅटनला कामाला जातो तेव्हा पेन स्टेशनच्या जिन्यात जी माणसं स्वतःशी बोलत बसलेली दिसतात, त्यांच्याकडे पाहताना मला प्रत्येक वेळी ते शंभर एकर आठवतात.

ग्रेस्टोनची जुनी इमारत २००८ मध्ये बंद झाली, जवळच नवं रुग्णालय झालं. मग सात वर्षं ती तशीच उभी होती. ह्या काळात मी तिला कुंपणाबाहेरून पुष्कळदा पाहिली. खिडक्यांच्या जाळ्यांतून वेली आत गेल्या होत्या. अशा इमारतींचे फोटो काढणाऱ्यांचा इथे एक मोठा वर्ग आहे. रंगाचे पापुद्रे सुटलेली लांबलचक बोळ, शेवटी एक खिडकी, मध्ये एकच चाकाची खुर्ची. फोटो देखणे असतात, मीही तासन् तास पाहिले आहेत. पण ती खुर्ची तिथे कुणी सरकवून ठेवली असेल का, हे मनात आलं की माझं मन उडतं. वेस्टनची इमारत २००७ मध्ये दीड मिलियन डॉलरला लिलावात गेली आणि आता तिथे रात्री भुतं दाखवण्याच्या सहली निघतात. तिकिटांच्या पैशांतून इमारतीची दुरुस्ती होते, हेही खरं. तरी मला ते सहन होत नाही. तिथे वारलेल्या माणसाला भूत म्हणून उभं करणं हा त्याचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे.

२०१५ मध्ये ग्रेस्टोन पाडलं. वाचवण्यासाठी गावातल्या लोकांनी संघटना काढली, मोर्चे काढले, काही विकसक इमारत नीट करून वापरायला तयार होते. राज्य सरकारने खर्चाचं कारण पुढे करून पाडायचं ठरवलं आणि पाडायलाही कोट्यवधी डॉलर खर्च केले. दगड इतका भक्कम होता की काम महिनोन् महिने चाललं.

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक बाई राहतात, ग्रेस्टोनच्या निवृत्त नर्स. त्या वर्षी मी त्यांच्याकडे हळहळ व्यक्त करायला गेलो. त्यांनी स्वयंपाकघरातला खण उघडला आणि रबरबँड, बॅटऱ्या वगैरेंच्या खालून एक चावी काढून माझ्या हातावर ठेवली. पितळेची, तळहाताएवढी लांब. दांड्यावर एक आकडा ठोकलेला. धरायच्या कडीची एक बाजू झिजून दुसरीपेक्षा निम्मी पातळ झालेली, आणि ती बाजू बरोबर अंगठ्याखाली येत होती. "इमारत पाहायला मी पण गेले होते," त्या म्हणाल्या. "सगळे घुमटाचे फोटो काढत होते. मी माझ्या वॉर्डाची खिडकी शोधत होते, पण अर्धं पडल्यावर ती कुठली हेच कळेना." मग म्हणाल्या, माझ्या पेशंटसाठी विचाराल तर मी नवी इमारतच निवडीन. तिथे प्रत्येकाला नीट खोली आहे. माझ्या हळहळीला त्यांनी दुजोरा दिला नाही. ती चावी मात्र त्यांनी परत केली नव्हती आणि आताही खणात जपून ठेवली.

ह्या दोन गोष्टी एकाच बाईच्या मनात एकत्र राहू शकतात, हे मी त्या दिवशी शिकलो. तिकडे ठाण्यात चाललेल्या वादात मला नेमकं हेच सापडत नाही.

आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद गेली काही वर्षं अधूनमधून पेटतो. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. १८५० खाटांचं. ठाणे आणि मुलुंड ह्यांच्या मध्ये जे नवं स्टेशन व्हायचं आहे, त्यासाठी रुग्णालयाच्या जमिनीतले जवळजवळ १५ एकर द्यायला उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वाट मोकळी केली. बाकीच्या जागेवर जुन्या इमारतींऐवजी बंगळुरूच्या निम्हान्स ह्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या धर्तीवर नवं मोठं रुग्णालय बांधायचं ठरलं आहे. ग्रुपवर एकजण म्हणतो, पाडा एकदाचं, गावाच्या नावावरचा डाग जाईल. दुसरा झाडांसाठी लढतो आहे, आणि झाडं खरोखर जुनी आहेत. एका मैत्रिणीने "ही वास्तू वारसा आहे" लिहिलं तर तिला उत्तर मिळालं, "वेड्यांच्या इस्पितळाचा कसला आलाय वारसा?"

माझा भाऊ रोज सकाळी ठाणे स्टेशनवरून लोकल पकडतो. त्याचं म्हणणं सरळ आहे. त्या गर्दीत माणसं पडून मरतात, स्टेशन झालंच पाहिजे. मी त्याच्याशी वाद घालत नाही. मला त्या फलाटावर रोज उभं राहायचं नाही, त्यामुळे इथे बसून स्टेशनला विरोध करण्याचा अधिकार मला नाही असं मी मानतो. नव्या रुग्णालयालाही माझा विरोध नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या बराकीत आजच्या रुग्णाने का राहावं? त्या नर्सबाईंसारखंच माझंही मत आहे.

मला बोलायचं आहे ते त्या "कसला वारसा" ह्या प्रश्नावर.

२०१८ च्या उन्हाळ्यात आई आली होती. पाहुणा आला की नायगरा, हा इथल्या प्रत्येक मराठी घराचा शिरस्ता. वाटेत बफेलोला मी तिला जुनं राज्य रुग्णालय दाखवलं. एच. एच. रिचर्डसन ह्या त्या काळच्या बिनीच्या वास्तुविशारदाने बांधलेलं, तांबूस दगडाचे दोन उंच मनोरे. भोवतालचं आवार न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखणाऱ्या ओल्मस्टेड आणि वॉ ह्या जोडीने आखलेलं. (ओल्मस्टेड पुढे स्वतःच स्मृती हरवून मॅसॅच्युसेट्समधल्या मॅक्लीन रुग्णालयात राहिले आणि १९०३ मध्ये तिथेच वारले. त्या जागेच्या निवडीबद्दलही त्यांनीच सल्ला दिला होता.) १८८० मध्ये उघडलेली ही इमारत कित्येक वर्षं ओस पडली होती. मग लोकांनी कोर्टकचेऱ्या करून ती वाचवली. मधल्या भागात हॉटेल निघालं, ते पुढे २०२१ मध्ये बंद पडलं आणि दोन वर्षांनी नव्या नावाने पुन्हा सुरू झालं. बाजूच्या बऱ्याच भागांत आजही कुणी नाही.

आई बराच वेळ मान वर करून पाहत होती. म्हणाली, "एवढं कुणासाठी बांधलं होतं?" मी सांगितलं. ती पुन्हा वर पाहायला लागली. मग म्हणाली, "आपल्याकडे नुसती भिंतच दिसायची रे."

आई शिक्षिका होती. वीसेक वर्षं सकाळच्या शाळेला त्या भिंतीवरून चालत जायची. परतीच्या वाटेवर गाडीत तिने मला एक गोष्ट सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. भिंतीच्या एका कोपऱ्यापाशी सकाळी आतून एका माणसाचं गाणं ऐकू यायचं. अभंग. आवाज तयार होता, कुठेतरी शिकलेला. ती तिथे पावलं सावकाश टाकायची. काही वर्षांनी ते गाणं बंद झालं. तिने कधी कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाला आणि काय म्हणून?

वारसा म्हणजे हा माणूस. आणि अशी माणसं इथेही पुसलीच गेली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये डॅन्व्हर्सच्या टेकडीवरचं रुग्णालय २००६ मध्ये बहुतेक पाडून तिथे घरं बांधली, दर्शनी भाग तेवढा ठेवला. त्याच्या दफनभूमीत नुसते आकडे असलेले दगड होते. तिथे एकेकाळी रुग्ण असलेल्या लोकांनीच जुने कागद धुंडाळून त्या आकड्यांची नावं शोधून लावली. न्यूयॉर्क राज्यातलं विलर्ड १९९५ मध्ये बंद झालं तेव्हा माळ्यावर चारशेहून जास्त सुटकेसेस सापडल्या. भरती होताना माणसाने बरोबर आणलेली पेटी, जी त्याला कधी परत मिळाली नाही. त्या आज ऑल्बनीच्या राज्य संग्रहालयात आहेत. ऑरेगनमध्ये तर साडेतीन हजार रुग्णांच्या अस्थी तांब्याच्या डब्यांत कोठीत पडून होत्या. राज्याने नावं जाहीर केली, नातवंडं-पतवंडं न्यायला आली, आणि २०१४ मध्ये तिथे स्मारक झालं. जुन्या इमारतीचा एक भाग त्यांनी संग्रहालय म्हणून ठेवला, बाकीच्या जागी नवं रुग्णालय बांधलं.

मला ठाण्यात हे झालेलं पाहायचं आहे. सगळं नका ठेवू. एक बराक ठेवा. आहे त्या जागी, तिच्या खिडक्यांसकट, तिच्या कड्याकुलपांसकट. जुन्या नोंदवह्या जेवढ्या शिल्लक असतील तेवढ्या रद्दीत जाऊ देऊ नका, पुराभिलेख संचालनालयाच्या ताब्यात द्या. रुग्णाची माहिती गुप्त राखायला हवी हे मान्य, पण विलर्डच्या बाबतीत गुप्ततेच्या नावाखाली मेलेल्या माणसांची नावं इतकी वर्षं दडवली गेली की त्यांच्या पेट्यांचे फोटो काढणाऱ्या फोटोग्राफरला फोटोखाली आडनावाचं पहिलं अक्षरच लिहिता आलं. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं नाव लपवून आपण त्याची लाज राखत नाही, आपली राखतो.

आणि जमिनीचं काय? इथे मी पाहिलं की इमारत पडली की जमिनीवरचा रुग्णांचा हक्कही विरून जातो. ग्रेस्टोनच्या आवारात आता काउंटीचं सुंदर उद्यान आहे, मी तिथे दर शनिवारी चालायला जातो, मला ते प्रिय आहे. पण ती जमीन कुणासाठी होती हे तिथे पळायला येणाऱ्या मुलांना ठाऊक नसतं. ठाण्यातल्या त्या पंधरा एकरांची आजच्या भावाने काय किंमत होईल ते ठाणेकरांना सांगायला नको. स्टेशनसाठी ती दिली, तर तेवढ्या किमतीची घरं रुग्णांसाठी शहरात का उभी राहू नयेत? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ह्या चारही प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून ५६९५ खाटा आहेत, आणि त्यांतल्या काहींवर अशी माणसं आहेत जी दहा-दहा वर्षांहून जास्त काळ आत आहेत. बरीही झाली आहेत, फक्त घरच्यांनी पत्ता चुकीचा दिला किंवा दारच उघडलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्यांना समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. हक्काला छप्पर लागतं. इथे ते न देता दारं उघडली, त्याचे परिणाम मी पेन स्टेशनच्या जिन्यात पाहतो.

ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं तेव्हा एकाने लिहिलं, "तिकडे बसून सल्ले देणं सोपं आहे." खरं आहे, सोपं आहे. पण एक मोठी इमारत पडताना मी कुंपणाबाहेर उभं राहून पाहिली आहे आणि काय काय करायचं राहून गेलं ते नंतर वाचलं आहे. ठाण्यात ते अजून राहून गेलेलं नाही, म्हणून लिहितो.

भाऊ ह्यावर काहीच बोलला नाही. पण मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी रस्त्यावरून चालत जाऊन त्याने भिंतीचे अकरा फोटो काढले आणि घरच्या ग्रुपवर टाकले. नवव्या फोटोत भिंतीला एक कोपरा आहे, फटीतून पिंपळ उगवलेला, आणि वर, मागे, जुन्या छपराची एक तिरकी रेघ. आईने तो फोटो मोठा करून पाहिला आणि त्याखाली एवढंच लिहिलं, "इथून यायचं."